किती भाषा, आणि कितपत?

प्रश्न : माझे आजोबा नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा व्यापार करीत. त्यांना सहा भाषा येत होत्या, असे आमच्या घरात आजही अभिमानाने सांगितले जाते. मला अहिराणी, मराठी आणि हिंदी सहज बोलता येते. इंग्रजी वाचता येते, पण बोलताना जीभ अडते. अलीकडे चाळीस-पन्नास भाषा बोलण्याचा दावा करणाऱ्यांचे व्हिडिओ पाहण्यात आले. माणूस खरोखर किती भाषा अस्खलितपणे बोलू शकतो? मेंदूला याची काही मर्यादा असते काय? — एक वाचक, धुळे

उत्तर : ज्या भाषेत भांडता येते, थट्टा कळते, फोनवरचे अर्धवट ऐकू आलेले बोलणेही समजते आणि नेमका शब्द आठवला नाही तरी वळसा घालून पुढे जाता येते, ती भाषा अस्खलित, असे मानून चालू. या कसोटीवर बहुतेक बहुभाषिक माणसांचा आकडा तीन ते पाच यांच्या आसपास थांबतो, असे माझे मत आहे. दहा-बारा भाषा एकाच वेळी अशा तयारीत ठेवणारी माणसे असतात, पण ती फार विरळ. त्यापुढचे दावे मात्र जरा थांबून तपासावेत.

तपासले की काय होते, याचे एक उदाहरण जगजाहीर आहे. लेबनॉनमध्ये वाढलेल्या आणि पुढे ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या झियाद फझाह यांना साठाच्या घरात भाषा येतात, असे सांगितले जात असे. १९९७ साली चिलीमधील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या प्रेक्षकांनी त्यांना समोरासमोर प्रश्न विचारले, तेव्हा रशियन भाषेतला ‘आज कोणता वार?’ या धर्तीचा साधा प्रश्नही त्यांना कळला नाही. मला यात त्यांची नाचक्की महत्त्वाची वाटत नाही. कधी काळी शिकलेली भाषा आणि या क्षणी तोंडात असलेली भाषा यांतले अंतर त्या प्रसंगी सर्वांसमोर उघडे पडले, इतकेच.

याच्या उलट टोकाला अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ हेल (१९३४–२००१) होते. त्यांना पन्नासच्या आसपास भाषा येतात, असे त्यांचे सहकारी म्हणत. ते स्वतः मात्र आपण इंग्रजी, स्पॅनिश आणि ऑस्ट्रेलियातील वार्लपिरी या तीनच भाषा खऱ्या अर्थाने बोलतो आणि उरलेल्यांत फक्त थोडेफार काही म्हणू शकतो, असा भेद करीत. ज्याला भाषेचे मर्म सर्वांत जास्त कळले, त्याचा स्वतःबद्दलचा आकडा सर्वांत लहान निघावा, हे मला फार बोलके वाटते. आपल्याकडे पी. व्ही. नरसिंह राव यांना सतरा भाषा येत असल्याचे नेहमी ऐकू येते. त्यांनी विश्वनाथ सत्यनारायण यांची तेलुगू कादंबरी हिंदीत आणि हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ तेलुगूत आणली, हा पुरावा त्या सतराच्या आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

मेंदूच्या मर्यादेविषयी विचारले आहे. एमिल क्रेब्स (१८६७–१९३०) हे पेकिंगच्या जर्मन वकिलातीत दुभाषे होते आणि त्यांनी साठांहून अधिक भाषा आत्मसात केल्याचे सांगितले जाते. मृत्यूनंतर त्यांचा मेंदू जपून ठेवण्यात आला, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातील वाणीशी संबंधित भागाची सूक्ष्म रचना इतरांपेक्षा वेगळी आढळली. परंतु ही रचना जन्मतः तशी होती म्हणून भाषा आल्या, की आयुष्यभर भाषा घोकल्याने ती तशी झाली, हे एका मेंदूवरून ठरत नाही. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच किंवा अधिक भाषा जाणणाऱ्यांच्या मेंदूचे चित्रण करून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मातृभाषा ऐकताना या लोकांच्या मेंदूतील भाषेचे जाळे इतरांच्या तुलनेत कमी जागेत आणि कमी श्रमात काम करते, असे त्यात दिसले. म्हणजे डोक्यातली जागा भरून जाते, ही भीती तरी निराधार आहे.

खरी मर्यादा दिवसाच्या चोवीस तासांची आहे. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजानुसार इंग्रजी भाषकाला स्पॅनिश किंवा फ्रेंचमध्ये कामकाजापुरते प्रावीण्य मिळवायला वर्गातले सहाशे ते साडेसातशे तास लागतात आणि चिनी, जपानी किंवा अरबीसाठी सुमारे २२०० तास. हे झाले शिकण्याचे. शिकलेली भाषा रोज कानावर आणि तोंडात राहिली नाही, तर आधी शब्द निसटतात, मग वाक्ये लांबतात, आणि ऐकलेले कळत असूनही उत्तर हिंदीतून जाऊ लागते. म्हणून किती भाषा येतात यापेक्षा रोजच्या जगण्यात किती भाषांना काम आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

आपल्या आजोबांच्या सहा भाषा मला म्हणूनच अशक्य वाटत नाहीत. नंदुरबारच्या मिरची बाजारात शेतकऱ्याला ‘कथा जाई ऱ्हायना?’ असे अहिराणीत हटकायचे, पथारीवर ओली मिरची पसरणाऱ्या आणि देठ खुडणाऱ्या मजुरांशी भिलीत बोलायचे, सुरतेच्या पेढीशी गुजरातीत भाव ठरवायचा, ट्रकवाल्याला हिंदीत दटावायचे आणि बाजार समितीचा कागद मराठीत वाचायचा, हे सगळे एकाच सकाळी करावे लागत असेल, तर भाषा गंजायला सवड कुठली? मात्र या भाषा एकसारख्या येत असतील असे नाही. भाव, वजन, ओलावा, आडत, हमाली आणि तोलाई यांच्यापुरती भिली वेगळी आणि त्याच मजुराच्या घरी कुणी वारले असता दाराशी बसून सांत्वन करण्याची भिली वेगळी. आजोबांना त्यांतली कोणती येत होती, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनाच विचारावे. पहिलीच येत असेल, तरी त्यात कमीपणा नाही.

जगात असे समाज आहेत, जिथे अनेक भाषा येणे हे कौतुकाचे निमित्तच नसते. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया आणि ब्राझील यांच्या सीमेवरील वाउपेस नदीच्या खोऱ्यात आपल्या भाषेच्या गटाबाहेर विवाह करण्याची रीत आहे. त्यामुळे आईची एक भाषा, वडिलांची दुसरी, शेजाऱ्यांची तिसरी, आणि तीन-चार भाषा येणे तिथे नेहमीचे. आपल्याच महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी नांदल्या. भाषा-अभ्यासक जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली दाखवून दिले, की तिथल्या बोलींची वाक्यरचना इतकी एकमेकींजवळ आली होती, की शब्द बदलले की जवळजवळ भाषा बदलत असे. भाषांतले अंतर कमी झाले की आकडा वाढवणे सोपे होते. अहिराणी, मराठी आणि गुजराती जाणणाऱ्या खानदेशी माणसाला हा अनुभव असतोच. (ब्रिटिश काळात झालेल्या ग्रीअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात अहिराणीसह खानदेशीचा समावेश मराठीच्या नव्हे, तर भिली भाषांच्या खंडात आहे.)

जनगणनेत मातृभाषेखेरीज दोनच भाषा नोंदवता येतात, त्यामुळे आपल्या आजोबांच्या तीन भाषा सरकारदरबारी गळल्याच असत्या. तरीही २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे २६ टक्के लोकांनी एकाहून अधिक भाषा येत असल्याचे आणि सुमारे ७ टक्क्यांनी तीन भाषा येत असल्याचे सांगितले. त्याच गणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी नोंदवली. घरात अहिराणी बोलून प्रगणकाला ‘मराठी’ सांगणारे किती, हे ज्याने त्याने आपापल्या गल्लीत मोजावे. आपण स्वतः अहिराणी यादीत घेतली आहे, हे मला आवडले. इंग्रजीची अडचण बुद्धीची नाही: तिला तुमच्या दिवसात बोलण्याचे काम मिळालेले नाही.

प्रश्न : माझ्या पहिलीच्या वर्गातील मुले घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, शाळेत मराठी ऐकतात आणि दूरचित्रवाणीवर हिंदी. एवढ्या भाषांनी त्यांचा गोंधळ होईल काय? पालकांना घरी मराठीच बोलण्यास सांगावे काय? — एक शिक्षिका, तळोदा तालुका

उत्तर : कृपया तसे सांगू नये. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणे हे दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांत सर्रास आढळते आणि तो आजार नव्हे. अशा मुलाचे केवळ मराठी शब्द मोजले तर ते एकभाषक मुलापेक्षा कमी भरू शकतात. दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर सहसा भरपाई होते, आणि ही दुसरी मोजणी शाळेत कुणी करीत नाही. ज्या पालकांची मराठी तुटक आहे त्यांनी मुलाशी तीच बोलायची ठरवली, तर मुलाला ना धड मराठी मिळते ना पावरीतल्या गोष्टी, नाती आणि रागलोभ. अडचण होते ती न कळणाऱ्या भाषेत अक्षरओळख सुरू झाल्याने. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी, असे म्हणते. धोरण वर्गापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर फळ्यावरच्या चित्राचे नाव आधी मुलांकडून पावरीत वदवून घ्यावे, ते देवनागरीत लिहावे आणि मग त्याच्याशेजारी मराठी शब्द लिहावा.

प्रश्न : वय बासष्ट. बंगाली शिकावी असे मनात आहे. उशीर झाला काय? — एक निवृत्त कर्मचारी, भुसावळ

उत्तर : उच्चारासाठी थोडा झाला, वाचनासाठी मुळीच नाही. सहा लाखांहून अधिक लोकांच्या इंग्रजी चाचण्यांवर आधारलेल्या २०१८ च्या एका अभ्यासात, व्याकरण सहजपणे उचलण्याची क्षमता साधारण सतराव्या-अठराव्या वर्षांनंतर ओसरते, असे दिसले. ओसरते म्हणजे संपते असे नव्हे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणाऱ्या विनोबांनी दक्षिणेतील भाषा पुढे वेल्लोरच्या तुरुंगात, चाळिशी उलटल्यावर हाती घेतल्या. ती प्रवचने टिपून घेणाऱ्या साने गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगातच तमिळची ओळख करून घेतली होती. आपल्याला तेवढी सक्ती नको. पहिले दोन-तीन महिने लिपीच्या मागे न लागता रोज अर्धा तास बंगाली बातम्या किंवा नाटके ऐकावीत, संस्कृतातून आलेले ओळखीचे शब्द कानाने टिपावेत आणि मगच अक्षरे गिरवावीत. भुसावळ जंक्शन हावड्याच्या मार्गावर आहे. बोलायला माणूस मिळणे आपल्याला फारसे कठीण जाऊ नये.