तबकडी १०० वर, रोल ४०० चा

प्रश्न : वडिलांच्या जुन्या ३५ मिमी कॅमेऱ्यात इल्फर्डचा एचपी५ प्लस हा ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग, प्रकाशाला तिची संवेदनशीलता) कृष्णधवल रोल भरून मी रामकुंड आणि काळाराम मंदिराच्या परिसरात छायाचित्रे काढली. वीस चित्रे झाल्यावर लक्षात आले, की कॅमेऱ्यावरची फिल्मच्या वेगाची तबकडी आधीच्या रोलच्या १०० वरच राहिली आहे. उरलेली सोळा ४०० वर काढली. रोल घरीच धुणार आहे. धुण्याचा वेळ किती कमी करावा?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : अजिबात कमी करू नये. पहिल्या वीस चित्रांना दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश मिळाला आहे हे खरे. परंतु सगळा रोल एकाच टाकीत धुतला जाणार असल्याने वेळ घटवला, तर नेमकी बिनचूक काढलेली सोळा चित्रे फिकी पडतील. निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश बऱ्यापैकी सोसते. कमी प्रकाश सोसत नाही, कारण सावलीत जे नोंदलेच गेले नाही, ते डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, उमटवता येत नाही. हीच चूक उलट झाली असती, तर इतक्या निश्चिंतपणे लिहिता आले नसते.

डी-७६ हा डेव्हलपर पातळ न करता वापरणार असाल, तर २० अंश सेल्सिअसला नेहमीची साडेसात मिनिटेच द्यावीत. ती वीस चित्रे निगेटिव्हवर दाट येतील आणि एन्लार्जरखाली, म्हणजे कागदावर मोठी करून छापताना, त्यांना दुपटीहून थोडा जास्त वेळ लागेल. मंदिराच्या काळ्या पाषाणावर प्रकाश मोजणारा मीटर धरला असेल, तर जादा प्रकाश दोन स्टॉपहूनही अधिक असू शकतो, कारण मीटर समोरचे सारे मध्यम करडे मानतो आणि काळ्या दगडालाही तेवढा उजळ करू पाहतो. अशा चित्रांत दगडावरील कोरीवकाम छान उतरेल. उन्हातल्या पांढऱ्या धोतरांचे पोत मात्र प्रिंट करताना तेवढ्याच भागाला वाढीव प्रकाश देऊन काढावे लागतील. सबंध रोलच १०० वर काढला असता, तर वेळ पाव हिश्श्याने घटवा असे सांगितले असते. पाच मिनिटांच्या आत मात्र नाही, कारण तेवढ्यात फिल्म सर्वत्र सारखी धुतली जात नाही.

मला अधिक काळजी पाण्याची वाटते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी २० अंशांच्या कितीतरी वर असते आणि तसेच वापरल्यास साडेसात मिनिटांत सगळीच निगेटिव्ह गरजेपेक्षा काळी होतील. डेव्हलपरची बाटली बर्फ घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवून थर्मामीटरने मोजावे, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये, आणि फिक्सर (उमटलेले चित्र पक्के करणारे रसायन) व धुण्याचे पाणीही शक्यतो त्याच तापमानाला आणून ठेवावे.