केसपेपरवरची तीन अक्षरं

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

केसपेपरवरची शॉर्टफॉर्म्स पाठ कशी करायची, असं विचारलंस. यादी मागू नकोस, मी देणार नाही. त्यापेक्षा एक सवय लावून घे. अक्षरं वाचली की आधी ओळखायचं: इथे शरीराला आयतं काही दिलंय, की शरीराकडून काम करून घ्यायचंय? आयतं दिलेलं लगेच लागू पडतं आणि काही आठवड्यांत संपतं. शरीराने स्वतः बनवलेल्याला वेळ लागतो, पण ते टिकतं.

भातलावणीचे दिवस आहेत, म्हणजे साप चावण्याचे, म्हणून एएसव्हीपासूनच (अँटी स्नेक व्हेनम, सापाच्या विषावरचं औषध) सुरुवात करतो. घोड्याला सापाच्या विषाचे थोडे थोडे डोस देऊन त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं (अँटीबॉडीज) म्हणजे एएसव्ही. आपल्याकडची कुपी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. नातेवाईक तिला 'सापाची लस' म्हणतात आणि विचारतात, 'आता पुन्हा चावला तर भीती नाही ना?' भीती आहेच. रुग्णाच्या शरीराने यातलं काहीच बनवलेलं नाही, सगळं घोड्याचं आहे.

डोसचा हिशेबही याच सवयीने लागतो. एक मिलिलिटर एएसव्ही घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं, म्हणजे दहा मिलिलिटरची कुपी सहा मिलिग्रॅम. घोणस एका चाव्यात सरासरी साठेक मिलिग्रॅम सोडते. पहिल्या डोसच्या दहा कुप्या कुठून आल्या ते कळलं? म्हणूनच लहान मुलाला डोस कमी करायचा नाही. मूल लहान म्हणून सापाने विष कमी सोडलेलं नसतं.

आता २०डब्ल्यूबीसीटी, म्हणजे वीस मिनिटांत रक्त गोठतं का ते बघायची चाचणी. स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं नळीला हातही लावायचा नाही. प्लास्टिकची नळी अजिबात नको, तिच्यात चांगलं रक्तही वेळेत गोठत नाही. एएसव्ही दिल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा नळी लावून 'अजून गोठत नाही, आणखी कुप्या द्या' म्हणणारे असतात. एएसव्ही मोकळं विष बांधतं, एवढंच. रक्त गोठवणारे घटक यकृतालाच नव्याने बनवावे लागतात आणि त्याला सहाएक तास लागतात. म्हणून पुढची चाचणी सहा तासांनी. मधल्या वेळात रुग्णाच्या लघवीचा रंग आणि प्रमाण बघत राहा. घोणस मूत्रपिंड सोडत नाही.

कागदावर 'एडीआर' (औषधाची रिअ‍ॅक्शन) असं लिहून मोकळं होऊ नकोस. खाज, अंगावर पित्त, थंडी वाजून ताप, उलटी, दम, उतरलेलं बीपी, यातलं काय आणि किती वाजता, ते लिही. अ‍ॅनाफिलॅक्सिसची (जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीची) शंका आली की ड्रिप थांबव आणि मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या स्नायूत दे. सावरल्यावर एएसव्ही हळूहळू पुन्हा सुरू करायचं. रिअ‍ॅक्शन आली म्हणून ते बंद ठेवलं तर विष आपलं काम करतच राहतं. घोड्याचं प्रथिन आपल्या शरीराला परकंच. त्यावरची प्रतिक्रिया कधी एक-दोन आठवड्यांनीही येते: ताप, सांधेदुखी, पुरळ. व्हिएन्नाच्या पिर्के आणि शिक यांनी १९०५ साली हा सीरम सिकनेस नीट मांडून ठेवला. घरी जाताना रुग्णाला याची कल्पना दे, नाहीतर तो सांधेदुखीसाठी भलतीकडेच गोळ्या घेत बसेल.

कुत्रा चावलेल्याच्या कागदावर एआरव्ही आणि आरआयजी दोन्ही दिसतील. पहिली रेबीजची लस (अँटी-रेबीज व्हॅक्सीन), दुसरी रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं (रेबीज इम्युनोग्लोब्युलिन). लसीचा परिणाम दिसेपर्यंतची फट आरआयजी भरून काढतं, म्हणून ते जखमेत आणि जखमेभोवती सोडायचं. पहिल्या लसीला सात दिवस होऊन गेले असतील तर मात्र देऊ नकोस, तोवर शरीराची स्वतःची प्रतिद्रव्यं यायला लागलेली असतात. आणि हेच 'एआरव्ही' एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीच्या उपचार केंद्राच्या) कागदावर एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी (अँटी-रेट्रोव्हायरल) असतं! अशा वेळी पूर्ण शब्द लिहायला आळस करू नये.

एचआयव्हीबाधित आईच्या तान्ह्या बाळाची प्रतिद्रव्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली तर घाबरून आईला काही सांगू नकोस. ती प्रतिद्रव्यं आईकडून वारेतून आलेली असू शकतात आणि दीड वर्षापर्यंत सापडू शकतात. बाळाला खरोखर लागण आहे का, ते पीसीआरवरून, म्हणजे थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीवरून ठरतं.

एआरव्हीसारखे पीआरओएमचेही दोन अर्थ. फिजिओथेरपीच्या कागदावर याचा अर्थ अर्धांगवायूच्या रुग्णाचे सांधे दुसऱ्याने हलवून देणं, आणि लेबर रूममध्ये कळा सुरू होण्याआधीच पाणी जाणं. वॉर्ड बघून वाच.

रुग्ण जिल्हा रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर नुसतं 'एएसव्ही गिव्हन' नको. दंश किती वाजता, पहिली कुपी किती वाजता, एकूण किती कुप्या, रिअ‍ॅक्शन आली का, अ‍ॅड्रेनलिन दिलं का, शेवटची नळी किती वाजता लावली आणि रक्त गोठलं का, हे सगळं हाताने, सुवाच्य लिही. चिठ्ठी रुग्णाच्या हाती दे आणि वर एक फोनही कर. अँब्युलन्समध्ये कागद हरवतात.

तुझा,
काका