राजम्यातलं लेक्टिन (साखर पकडणारं प्रोटीन) टी सेलला (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशीला) नेमकं कुठे चिकटतं, आणि त्याने सेल डिव्हाइड का व्हायला लागते?

प्रोटीनला नाही, प्रोटीनवर लागलेल्या साखरेला चिकटतं. टी सेलच्या बाहेरच्या बऱ्याचशा प्रोटीन्सवर साखरेच्या फांद्या फुटलेल्या साखळ्या असतात, टी सेल रिसेप्टरवर पण असतात, आणि राजम्याचं लेक्टिन, म्हणजे पीएचए (फायटोहिमॅग्लुटिनिन), नेमक्या त्याच पकडतं. त्याला सबयुनिट (एकमेकांना जोडलेले तुकडे) चार, त्यामुळे एकच रेणू शेजारशेजारचे रिसेप्टर जवळ ओढतो आणि सेलला वाटतं अँटिजेनच (ओळखायचा परका पदार्थ) आलाय, मग आत कॅल्शियम वाढतं, आयएल-2 (सेलला वाढायला सांगणारं प्रोटीन) बनायला लागतं आणि दोन-तीन दिवसांत विभाजन जोरात सुरू.

हे 1960 मध्ये पीटर नॉवेल यांनी दाखवलं, तोवर पीएचए रक्तातून लाल पेशी बाजूला काढायलाच वापरायचे! आजही कॅरिओटाइप (क्रोमोसोम तपासायच्या) टेस्टला रक्त दिलं की लॅबवाले त्यात पीएचए टाकतात, कारण क्रोमोसोम नीट दिसायला सेल डिव्हाइड होत असावी लागते.

पण मला विचाराल तर सगळ्यात भारी शेंगदाण्याचं लेक्टिन. ते थायमसमधल्या (टी सेल जिथे तयार होतात तो छातीतला अवयव) कच्च्या टी सेल्सना मस्त चिकटतं आणि तयार झालेल्यांना जवळजवळ नाहीच, का तर हे लेक्टिन जी गॅलॅक्टोज साखर पकडतं, सेल तयार होताना तिच्यावरच सायलिक अ‍ॅसिड (हीही एक साखरच) झाकणासारखं बसतं. म्हणजे प्रोटीन तेच, फक्त टोकाची एक साखर वाढली आणि लेक्टिनला जागाच सापडेना. न्युरामिनिडेज एन्झाइम घालून ते सायलिक अ‍ॅसिड कापलं की तयार सेललाही परत चिकटायला लागतं.