‘निरीक्षणपट’ म्हणावं का?

‘ऑब्झर्वेशनल डॉक्युमेंटरी’ला, म्हणजे मध्ये न पडता घडतं ते नुसतं टिपणाऱ्या चित्रपटाला, मराठीत काय म्हणायचं, आणि ‘सिनेमा वेरिते’ म्हणजे तेच का, असा प्रश्न आहे.

माझं मत ‘निरीक्षणपट’ला. पोलीस निरीक्षक आठवतो हे खरं, पण ‘माहितीपट’ इथे साफ अडतो. माहिती सांगत सुटणाऱ्या निवेदकाला विटूनच तर असे चित्रपट करणारी मंडळी बाहेर पडली. १९६० साली रॉबर्ट ड्रू, रिचर्ड लीकॉक, डी. ए. पेनेबेकर, अल्बर्ट मेझल्स हे चित्रपटकार अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जॉन केनेडी आणि ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या लढतीमागे फिरले. त्यातून झालेल्या ‘प्रायमरी’ या चित्रपटात निवेदन अगदी तुरळक आहे. एका सभेत कॅमेरा केनेडींच्या पत्नी जॅकी यांच्या पाठीमागे जातो. पांढऱ्या हातमोज्यांतली बोटं नुसती चुळबुळताहेत. दडपण आलंय हे कुणी सांगत नाही, आपल्याला दिसतं. याला अमेरिकेत ‘डायरेक्ट सिनेमा’ म्हणू लागले.

असल्या चित्रणाला खांद्यावर पेलणारा कॅमेरा आणि बरोबर नेता येईल असा टेपरेकॉर्डर हवा. त्यातला गाजलेला रेकॉर्डर स्टेफान कुडेल्स्की या पोलिश इंजिनिअरनं स्वित्झर्लंडमध्ये बनवला. नाव ‘नाग्रा’, म्हणजे पोलिशमध्ये ‘ध्वनिमुद्रण करील’. यंत्राचं नाव क्रियापद, आणि तेही भविष्यकाळातलं!

वेरितेची गोष्ट वेगळी. त्याच १९६०च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये चित्रपटकार जाँ रूश आणि समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी एका चित्रपटासाठी लोकांना रस्त्यात गाठून विचारायला लावलं, ‘तुम्ही सुखी आहात का?’ क्वेबेकचे मिशेल ब्रो कॅमेऱ्यावर होते. पुढे ज्यांचं चित्रण केलं त्यांनाच ते दाखवलं आणि त्यावर त्यांच्यात जुंपली तीही टिपली. हे निरीक्षण नव्हे, मुद्दाम काडी घालणं आहे. ‘सिनेमा वेरिते’ हा शब्दही उसना आहे. सोव्हिएत चित्रपटकार झिगा वेर्तोव यांच्या १९२२पासूनच्या ‘किनो-प्रावदा’ या वृत्तपटमालेच्या नावाचं ते फ्रेंच भाषांतर. प्रावदा म्हणजे सत्य. इंग्रजीत पुढे दोन्ही प्रकारांना सर्रास ‘वेरिते’ म्हणू लागले, घोळ तिथला आहे.

मग वेरितेला ‘सत्यपट’ म्हणावं? नको. लोकांना ‘सत्यघटनेवर आधारित’ पाटी असलेला सिनेमा वाटेल. तिथे ‘वेरिते’च राहू द्या, फक्त ‘व्हेरिटी’ म्हणू नका.