शेतात सापडलेली नाणी आणि बाथरूममध्ये शिरलेली घोरपड, आता काय करायचं?

तुमचा मेसेज नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही मित्राच्या शेतात त्याला विचारून मेटल डिटेक्टर फिरवला, बांधाजवळ छोटा तांब्याचा गडू सापडला, त्यात जुनी नाणी, बहुतेक शिवराई. ती अजून तुमच्या कपाटात आहेत आणि एक जण रोख पैसे द्यायला तयार आहे. त्यात मागच्या शनिवारी रात्री बाथरूममध्ये घोरपड आली, तुम्ही ती ड्रममध्ये कोंडली, शेपटीला धरून व्हिडिओ टाकला आणि सोमवारी सकाळी स्वतःच माळावर सोडून आलात. आता शेजारी म्हणतो तक्रार करणार. आणि तुम्हाला टेन्शन आलंय ते नाण्यांचं.

खरं सांगू का, नाण्यांचं नंतर बघू, आधी घोरपडीचं बघा. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या शेड्यूल 1 मध्ये, म्हणजे पहिल्या यादीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच हिला. आणि या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणं आणि कोंडणं पण त्यातच येतं. शेड्यूल 1 मधल्या प्राण्याची शिकार सिद्ध झाली तर कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार दंड, शिवाय गुन्हा अजामीनपात्र. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये, पण शेजाऱ्याची धमकी हसण्यावारी नेऊ नका.

तुमच्या बाजूने पण बरंच आहे. प्राणी तुमच्या घरात आला, तुम्ही त्याला शोधायला गेला नव्हता, इजा केली नाही, विकला नाही, सोडून दिला. हेतू वाईट नव्हता हे दाखवता येईल. अडचण एकच, कलम 39 प्रमाणे असा वन्यप्राणी ताब्यात आला की 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि तुम्ही कुणालाच कळवलं नाही. मुदत गेली हे खरं, पण तक्रार होण्याआधी तुम्ही आपणहून गेलात आणि तक्रार झाल्यावर तुम्हाला बोलावलं, यात जमीन अस्मानाचा फरक पडतो. म्हणून आजच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या ऑफिसला साधा अर्ज द्या, कधी आली, कुठे कोंडली, कधी आणि कुठे सोडली, एवढंच. "मला माहीत नव्हतं", "सगळेच असं करतात" वगैरे काही लिहायचं नाही. दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का मारून पोच घ्या, ती पोच उद्या तुम्हाला वाचवेल.

जाताना तिथला एखादा वकील सोबत न्या. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला जबाब पुढे कोर्टात पुरावा म्हणून चालतो, पोलिसांसमोरच्या जबाबासारखं ते नाही, आणि लोक "अहो सहज बोललो" म्हणत सही करून बसतात. व्हिडिओ लोकांना दिसतोय तो बंद करा, पण फोनमधला मूळ व्हिडिओ अजिबात डिलीट करू नका. घोरपड धडधाकट होती हे दाखवणारा तोच तर पुरावा आहे, आणि डिलीट केलात तर लपवालपवी केल्यासारखं दिसेल.

आता नाणी. यासाठी 1878 चा जुना कायदा आजही चालू आहे, इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट. जमिनीत दडलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. आणि वस्तू सरकारी ट्रेझरीत जमा करायची किंवा मागाल तेव्हा हजर करतो अशी हमी द्यायची. नाही कळवलं तर तुमचा हिस्सा सरकारजमा आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. कळवलं तर मात्र कायदा तुमच्या हक्काचा विचार करतो हे लोकांना माहीतच नसतं. जिल्हाधिकारी नोटीस काढतात, दावेदारांना मुदत देतात, आणि नाणी बेवारस ठरली व जमीनमालकाशी वाद नसला तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला, बाकी मालकाला. तुमचं मित्राशी अर्धं अर्धं ठरलंय म्हणालात ना, करार असेल तर वाटणी करारानुसारच होते, तेव्हा ते अर्जात लिहा. सरकारला नाणी हवी असतील तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतात.

रोख देणाऱ्याला सरळ नाही म्हणा. 100 वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं, ते देशाबाहेर गेलं तर प्रकरण फार वेगळ्या वळणावर जाईल. आणि नाणी घासून चकचकीत करू नका, गडूतली माती पण तशीच राहू द्या, कारण नाणी कुठल्या काळातली हे ठरवताना त्याचा उपयोग होतो.

ते शेत एखाद्या संरक्षित किल्ल्याच्या किंवा लेण्याच्या हद्दीत नाही ना, हे मात्र आधी तपासा. तसं असेल तर विनापरवाना खोदकामाला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, मग जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा नाण्यांचा अर्ज वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नका. तशी अडचण नसेल तर अर्जावर मित्राची पण सही घ्या, कारण लपवायला मदत केल्याचं निघालं तर जमीनमालक म्हणून त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.