न्यू जर्सी सोडून दक्षिण कॅरोलिनातल्या समुद्रकाठच्या छोट्या गावी मुलाबाळांसह राहायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचं काम आता कायमचं घरून झालंय, एडिसनचं भाडं परवडेनासं झालंय, मुलगा ६ वर्षांचा आणि मुलगी १३ वर्षांची आहे, आणि एप्रिलच्या सुट्टीत ब्यूफर्ट पाहून आल्यापासून तुम्हाला दुसरं काही सुचत नाही. प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आम्हीही एडिसनहूनच ब्यूफर्टला आलो, २०१५ च्या जुलैत. तेव्हा आमचा धाकटा ५ वर्षांचा होता आणि थोरली १३ ची.

माझं मत आधीच सांगते. मुलासाठी जरूर या. मुलीला विचारल्याशिवाय येऊ नका. आणि वादळांचा एक अख्खा हंगाम भाड्याच्या घरात काढल्याखेरीज इथे घर विकत घेऊ नका.

तुम्ही एप्रिलमध्ये आलात, म्हणजे गाव सगळ्यात सुंदर असतं तेव्हा. ओकच्या झाडांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ, जुनी लाकडी घरं, नदीकाठचे झोपाळे. १७११ मध्ये वसलेलं गाव, चार्ल्सटननंतर या राज्यातलं सगळ्यात जुनं. २०२० च्या जनगणनेत वस्ती साडेतेरा हजारांच्या आसपास. पण गावातून समुद्र दिसत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. पुळण पाहायची तर हंटिंग आयलंडला जावं लागतं, गाडीने अर्धा तास. गावाभोवती आहे ते खाजण. माझं माहेर गुहागरचं, त्यामुळे ओहोटीला त्या चिखलाचा वास पहिल्यांदा नाकात शिरला तेव्हा मी गाडी थांबवून रडले होते. इथले लोक त्या चिखलाला ‘प्लफ मड’ म्हणतात. बाहेरच्यांना तो वास सडक्या अंड्यांसारखा वाटतो. माझ्या नवऱ्याला, तो नागपूरचा, अजूनही वाटतो.

धाकट्याला इथे जे मिळालं ते एडिसनमध्ये कितीही पैसे मोजून मिळालं नसतं. आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे, सेंट हेलेना बेटावरच्या गल्ला समाजातले. हा समाज म्हणजे भातशेतीसाठी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज. त्यांची स्वतःची बोली आहे. आजोबांनी मुलाला कुर्ल्या धरायला शिकवलं. कोंबडीच्या मानेचा तुकडा दोरीला बांधायचा, धक्क्यावरून पाण्यात सोडायचा आणि गप्प बसायचं. दोरी ताणली की ओढायची नाही, बोटाबोटाने वर घ्यायची, म्हणजे कुर्ली तुकडा सोडत नाही. मग हळूच खालून जाळी. कवच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच इंच भरलं नाही तर कुर्ली परत पाण्यात, आणि पोटाखाली अंडी असलेली मादीही परत, हा राज्याचा नियम. पट्टी घेऊन मोजायचं काम धाकट्याचं. आजोबा स्वतः हाताने पाग विणायचे. तो फेकताना पाण्यावर त्याचं गोल चक्र पडायचं, ते मी लहानपणी आमच्या खाडीत पाहिलेलं.

खाण्याची मला वाटली होती त्याच्या निम्मीही अडचण आली नाही. कोळंबी होडीवरून थेट मिळते, थंडीत कालवं मिळतात. भेंडी आणि भात इथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आहे. रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगा विकतात, मीठ घातलेल्या, कागदी पिशवीत, अगदी आपल्यासारख्या. शाकाहारी असाल तर मात्र प्रत्येक भाजीबद्दल विचारा, कारण पालेभाजीत आणि शेंगभाजीतही डुकराचं मांस घालून शिजवतात. हिंग, कोकम, पोहे यांसाठी सव्हाना, तासाभराच्या अंतरावर. कढीपत्ता कुंडीत छान येतो, जानेवारीच्या थंडीत तेवढा घरात घ्यायचा.

लोक चांगले आहेत, मनापासून सांगते. सामान उतरवत होतो तेव्हाच दोन घरांतून जेवण आलं. मुलं मोठ्यांना ‘येस मॅम’, ‘नो सर’ म्हणतात. तुमच्या मुलालाही शाळेत हे शिकवतील, रागावू नका, ही इथली रीत आहे. पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला विचारतील, तुम्ही कुठल्या चर्चला जाता? सुरुवातीला मी बिचकायचे. नंतर कळलं, आपल्याकडे ‘मूळ गाव कुठलं’ विचारतात ना, तसा तो प्रश्न आहे. आम्ही हिंदू आहोत, पूजा घरीच करतो, असं सरळ सांगावं. त्यानंतर कोणी पाठ फिरवली असं आमच्या बाबतीत झालं नाही.

आता पाण्याचं सांगते. लोक वाऱ्याला घाबरतात, पण घर बुडवतं ते पाणी. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मॅथ्यू आलं तेव्हा तेव्हाच्या गव्हर्नर निक्की हेली यांनी किनारा रिकामा करायला सांगितला. आम्ही किनाऱ्यापासून दूर ऑगस्टा शहराकडे निघालो; एरवी ते अडीच तासांवर आहे, आम्हाला सात तास लागले. मागच्या सीटवर कागदपत्रांची पेटी, आजीचे फोटो आणि देव्हारा. परत आलो तर घर उभं, पण पाइनचं झाड छपरावर आणि सहा दिवस वीज नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये इर्मा आलं. त्याचं केंद्र जॉर्जियाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, गावाला निघायचा आदेशही नव्हता. पण पाणी नेमकं भरतीच्या वेळी चढलं आणि नदीकाठचे रस्ते पाण्याखाली गेले. आमच्यापासून तीन घरं खालच्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होतं. आमचं घर त्यांच्यापेक्षा चार फूट उंचावर आहे, एवढाच काय तो फरक.

म्हणून घर बघताना आधी उंचीचा दाखला मागा. एलिव्हेशन सर्टिफिकेट म्हणतात त्याला. ओटा किती छान आहे ते नंतर. विमाही एकच नसतो. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी येत नाही, त्याचा विमा वेगळा. किनाऱ्यालगत वारा-गारांचा विमाही बऱ्याचदा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी पूरविम्यात घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख मिळतात, आणि घरखरेदीच्या कर्जाबरोबर घेतला नसेल तर तो लागू व्हायला ३० दिवस जातात. वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. नाव दिलेल्या वादळात पहिला भुर्दंड आपला असतो आणि तो बऱ्याचदा ठरावीक रकमेत नसून विमा उतरवलेल्या रकमेच्या टक्क्यांत असतो. चार लाखांच्या घरावर पाच टक्के म्हणजे वीस हजार डॉलर आधी आपल्या खिशातून. सही करायच्या आधी तिन्ही विम्यांचे आकडे हातात घ्या आणि हप्त्यात मिळवून बघा. न्यू जर्सीत घराचा कर वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात जातो, त्यामुळे इथला कर पाहून हायसं वाटतं. पण वाचलेल्या पैशातला बराचसा विम्यात जातो.

करातही एक खाचखळगा आहे. स्वतः राहत असाल तर घराच्या किमतीचे चार टक्के धरून त्यावर कराचा दर लावतात, नाहीतर सहा टक्के धरून, आणि स्वतः राहणाऱ्याला शाळेच्या चालू खर्चाचा करही माफ असतो. पण ही सवलत आपोआप मिळत नाही, काउंटीत अर्ज करावा लागतो. शिवाय घर विकलं गेलं की मूल्यांकन नव्याने होतं, त्यामुळे आधीच्या मालकाचं बिल बघून हिशोब करू नका. गाडीवरही दरवर्षी कर आहे.

आणि सेंट हेलेनावर स्वस्तात जमीन दिसली तर थांबा. आपल्याकडे कोकणात सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात, तशीच इथे मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सामायिक वारसांची जमीन आहे. एका वारसाचा हिस्सा विकत घेऊन कोर्टामार्फत सगळी जमीन विकायला लावायची, असे प्रकार करून अनेक गल्ला कुटुंबांच्या जमिनी गेल्या आहेत. आपण त्यात भागीदार व्हायचं नाही. वकिलाकडून मालकी तपासून घ्या.

नोकरीचं थोडक्यात. तुमचा नवरा एच-वन-बी व्हिसावर असेल तर त्याचं काम घरून असलं तरी ही जागा कामाची नवी जागा ठरते आणि कंपनीला त्यासाठी नवा अर्ज करावा लागतो. कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय सामान बांधू नका. नोकरी गेलीच तर हातात ६० दिवस असतात आणि या गावात दुसरी तशी कंपनी नाही. तुम्हाला स्वतःला काम हवं असेल तर इस्पितळ, शाळा, मरीन या अमेरिकी सैन्यदलाचे तळ आणि पर्यटन, एवढीच दारं आहेत. पॅरिस आयलंडला मरीन भरतीचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे आणि गावाला लागूनच त्यांचा विमानतळ. एफ-३५ विमानं डोक्यावरून जातात तेव्हा फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं. काउंटीकडे त्या आवाजाच्या पट्ट्यांचे नकाशे आहेत, घराचा पत्ता त्यावर पाहून घ्या. मोठ्या दुखण्याला चार्ल्सटन गाठावं लागतं, दीड तास. धाकट्याच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळायला आम्हाला तीन महिने लागले होते. या गोष्टी जमवून घेता येतात.

थोरलीचं मात्र जमवून घेता आलं नाही, आणि मी हे सगळं मुख्यतः तेच सांगायला लिहिते आहे.

आम्ही तिला विचारलं नव्हतं. जूनमध्ये शाळा संपली, जुलैत घर रिकामं केलं, ऑगस्टमध्येच इथली शाळा सुरू झाली. न्यू जर्सीतल्या तिच्या मैत्रिणी अजून सुट्टीवर होत्या. एडिसनमध्ये तिच्या वर्गात तीन जणी भरतनाट्यमला एकत्र जायच्या, दर शनिवारी, येताना ओक ट्री रोडवर पाणीपुरी खाऊन. इथे तिच्या अख्ख्या इयत्तेत भारतीय मुलं दोन, ती आणि मोटेल चालवणाऱ्या एका गुजराती कुटुंबातला मुलगा. कोणी त्रास दिला नाही. सगळे गोड बोलायचे. फक्त शनिवारी कोणाचा फोन यायचा नाही. घुंगरू तिने पहिले चार महिने कपाटाच्या दाराला टांगून ठेवले, मग एका पिशवीत घालून माळ्यावर टाकले. मला ते दिवाळीला पणत्या काढताना सापडले. तिच्या दोन जवळच्या मैत्रिणी झाल्या त्या मरीनच्या मुली, आणि त्या कुटुंबांची तीनेक वर्षांत बदली होते. दोघीही गेल्या. सोयीची बस नाही, लोकल नाही. पंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळेपर्यंत ती प्रत्येक ठिकाणी माझ्यावर अवलंबून होती.

बारावी होताच ती परत न्यू जर्सीला गेली, रट्गर्स विद्यापीठात. तोवर आम्ही तिथले रहिवासी उरलो नव्हतो, म्हणून बाहेरच्या राज्याची फी भरली. इथल्या कॉलेजात राहिली असती तर राज्याची वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंतची लाइफ शिष्यवृत्ती मिळाली असती. पैशाचं दुःख नाही. विमानतळावर ती म्हणाली, “आई, तुझं गाव तुला परत मिळालं. माझं गाव तू काढून घेतलंस.” तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून तुमच्या मुलीला इथे एकटीला आणा, भावाशिवाय. सुट्टीत नको, शाळा चालू असताना आणा. शाळेच्या ऑफिसला आधी विचारलंत तर आत फिरून पाहता येईल का ते सांगतील. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला उधाणाच्या भरतीचा आठवडा पकडा, भरतीची कोष्टकं आधीच पाहता येतात. तेव्हा उकाडा असतो, डोळ्यांना न दिसणारी चिलटं चावतात, आणि नदीकाठच्या काही रस्त्यांवर ऊन पडलेलं असतानाही खारं पाणी येतं. ज्या गल्लीत घर घ्यायचा विचार आहे तिथे भरतीच्या वेळी तिच्यासोबत उभ्या राहा. आणि ती नको म्हणाली तर चार वर्षं थांबा. गाव तीनशे वर्षं इथेच आहे, आणि तुमचा मुलगा दहाव्या वर्षीही कुर्ल्या धरायला शिकेल.

तिला दुसऱ्या कोणाशी बोलावंसं वाटलं तर आमची थोरली तयार आहे. तिची ही सगळी हकीकत इथे लिहू का, हे मी काल रात्री तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, “लिही, आणि पाणीपुरीचं नक्की लिही.”