टेप पर्समध्येच राहू दे

प्रिय बेटा,

तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला आला, मी तेव्हाच वाचला, पण अशा गोष्टीला नुसता अंगठा टाकून चालत नाही म्हणून आज चहा घेऊन नीट लिहायला बसली. सात वर्षं इंटिरिअर केलं आणि आता प्रॉपर्टी विकायची म्हणतेस, आणि तुझी आई बोलून राहिली की एवढं शिकून शेवटी दलालीच करणार काय. माझ्या सासूबाई पण हेच म्हणाल्या होत्या, २०१२ साली, मी इंटिरिअर सोडून ब्रोकर झाली तेव्हा. नंतर त्यांनीच मला दोन गिऱ्हाईकं आणून दिली, भजनी मंडळातली. तेव्हा आईचं मनावर नको घेऊ.

कारणं तू लिहिली ती सगळी मला पाठ आहेत. सुतार होळीला गावी गेला की महिनाभर फोन उचलत नाही, लॅमिनेटचा शेड फोटोत वेगळा अन् घरात वेगळा दिसला की शिव्या आपल्याला, आणि शेवटचे दहा टक्के कोणताच क्लायंट वेळेवर देत नाही. पण एक ऐकून ठेव, तिथे तुझा पैसा अडकतो, इथे तो येतच नाही. इंटिरिअरमध्ये अॅडव्हान्स तरी हातात असतो. इथे तू चार महिने एका फॅमिलीला बेसा, बेलतरोडी, मनीष नगर, हिंगणा रोड सगळं तुझ्या पेट्रोलवर फिरवशील, टोकनची तारीख ठरेल, आणि बँक लोन नाही म्हणेल. संपलं. त्या चार महिन्यांचं बिल कोणाला पाठवशील? म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेव, हातातल्या दोन साइट पूर्ण कर, मगच ये. अर्धवट साइट सोडून आलीस तर तोच क्लायंट गावभर सांगेल, आणि नागपूर किती छोटं आहे ते तुला माहीत आहे.

आता तुझा खरा प्रश्न, की डिझाइनचं शिकलेलं वाया जाईल का. नाही जाणार. पण तू समजून राहिली तसं कामाला येणार नाही.

तुला वाटते की तू रिकामा फ्लॅट दाखवताना सांगशील, इथे टीव्ही युनिट, इथे झुला, ही भिंत टेक्सचर करू. मी हेच केलं पहिल्या वर्षी. एका जोडप्याला रात्री जागून पूर्ण फर्निचर लेआउट काढून दिला, किचनसकट, फुकट. ते लोक खूप खूश झाले, कागद घडी करून घेऊन गेले, आणि तोच फ्लॅट दुसऱ्या ब्रोकरकडून अर्धा टक्का कमी देऊन घेतला. गृहप्रवेशाला मला बोलावलं सुद्धा! गेली ना मी, आणि पाहते तर सोफा माझ्याच ड्रॉइंगप्रमाणे. त्या दिवशी बासुंदी काही गोड लागली नाही. तेव्हापासून सजवायची हौस मी बंद केली. लोकांना आपली आवड नको असते ग, घर त्यांचं असते. त्यांना गुलाबी पीओपी आवडला तर आवडू दे, तू तोंडाला कुलूप लाव.

तुझी नजर कामाला येते ती खोट पाहायला. सॅम्पल फ्लॅटमध्ये जा आणि टेप काढ. वॉर्डरोब आत किती खोल आहे ते मोज, अठरा इंच निघाला तर समजून जा की खोली मोठी दिसावी म्हणून फर्निचर छोटं करून ठेवलं आहे, कारण हँगर लावायचा तर बावीस-चोवीस इंच लागतात हे तुला झोपेतही माहीत आहे. पलंग मोज, खोलीला दरवाजे लावलेच नाहीत का ते पहा, कारण दरवाजा उघडायला लागणारी जागा कोणी दाखवत नाही. गिऱ्हाईकाला हे दिसत नाही, त्याला फक्त खोली मोठी वाटते. तू सांग त्याला, शांतपणे, बिल्डरची बदनामी न करता, की तुमचा पलंग इथे आला की चालायला दीड फूट उरते. अर्धे लोक तरीही घेतात. पण मग ते तुझ्यावर विश्वास ठेवून घेतात, आणि त्यांचा साळा पुढच्या वर्षी तुझ्याकडेच येतो.

आणि आपल्या गावात तर उन्हाळा पहा आधी. पश्चिमेची बेडरूम असली तर मे महिन्यात दुपारी चार वाजता गिऱ्हाईकाला घेऊन जा आणि भिंतीला हात लावायला सांग. सकाळी दहाला दाखवून फसवू नको. कूलर कुठे बसणार, त्याला पाणी कुठून, सांडलेलं पाणी खालच्याच्या बाल्कनीत पडणार का, हे नकाशात कुठेच नसते, पण नागपूरच्या प्रत्येक सासूबाई पहिला प्रश्न हाच विचारतात आणि ब्रोकर लोक इकडेतिकडे पाहतात.

रिसेलमध्ये तर तुझा डोळा म्हणजे सोनं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीकडे घराघरात पाणी शिरलं होतं ते आठवते ना. त्या बाजूला तळमजला दाखवायला गेलीस तर भिंतीला चार फुटांपर्यंतच नवीन टाइल का लावली ते विचार. कपाटाचा खालचा प्लाय बोटाने दाबून पहा, फुगलेला असला की तो बोलतो. फॉल्स सिलिंग एकाच कोपऱ्यात नवं रंगवलं असेल तर वरच्याचं बाथरूम कुठे येते ते मोजून घे. आणि जे दिसलं ते घेणाऱ्याला सांगायचं, मालक नाराज झाला तरी.

पण घर वाचता येते म्हणून कागद वाचता येतात असं नाही, आणि इथेच आपण डिझाइनवाले मार खातो. मी खाल्ला. नागपूरचा माणूस फ्लॅट पाहतो पण त्याचा जीव प्लॉटमध्ये असतो, त्यामुळे तुला पहिल्याच महिन्यात कोणीतरी प्लॉट घेऊन येईल. सातबारा वेगळा, आखीव पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड वेगळं, एनए म्हणजे जमीन बिगरशेती झाल्याचा कागद वेगळा, आणि लेआउट मंजूर आहे की नाही हे आणखी वेगळं. जुने अनधिकृत लेआउट २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित होतात, त्याचं पत्र म्हणजे आपल्याकडचा आरएल, आणि आरएल आहे म्हणणारा आणि आरएल दाखवणारा हे दोन वेगळे लोक असतात. काही जागा नझूलच्या म्हणजे सरकारी, काही नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवर, तिथे लीज किती उरली आणि विकणाऱ्याचं नाव चढलं का ते पहा. शहराबाहेर मंजुरीला एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्राधिकरण, येते. एखादा म्हातारा वकील पकड, महिन्यातून दोन दुपारी त्याच्याजवळ जाऊन बस, फाइली उलगड. धूळ लागेल, लागू दे.

रेराचं, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याचं, आधी करून टाक. एजंट म्हणून महारेराचं, म्हणजे आपल्या राज्याच्या रेरा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन लागतेच, आणि २०२३ पासून त्यासाठी ट्रेनिंग आणि परीक्षा दोन्ही आल्या. ओळखीच्या बिल्डरचा प्रोजेक्ट आहे, त्याचा रेरा नंबर येऊन राहिला, तू बुकिंग घेणं सुरू कर, असं कोणी म्हटलं तर चहा पिऊन निघून ये. तुझं किंवा प्रोजेक्टचं रजिस्ट्रेशन नसताना विकलं तर एजंटला दिवसाला १० हजार दंड आहे आणि तो वाढत वाढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, तुझं कमिशन त्यापुढे काय. अॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे पण गिऱ्हाईकाला तूच सांगायचं. आणि हो, तुझ्या टेपने आलेला कार्पेट, म्हणजे आतला वापरायचा एरिया, आणि कागदावरचा रेरा कार्पेट जुळणार नाही, घाबरू नको, रेरामध्ये आतल्या भिंतींची जाडी धरतात आणि तू भिंत ते भिंत मोजतेस.

एक नाजूक गोष्ट आहे, रागावू नको. आपल्या जुन्या धंद्यात प्लायवाला, टाइलवाला डिझाइनरला कट देतो, तूही घेतला असशील, मीही घेतला. इथे तो घास गिळू नको. फ्लॅट विकून त्याच माणसाला तुझा सुतार लावून दिलास तर उघड सांग की यात माझे पैसे आहेत की नाहीत. घेणारा आणि विकणारा दोघांकडून ब्रोकरेज घेणार असशील तर तेही दोघांना माहीत पाहिजे, आणि पावती दे.

पितृपक्षात फोन वाजणार नाही, तेव्हा धीर सोडू नको, त्या पंधरा दिवसांत जुन्या क्लायंटची यादी काढ. तू ज्यांची घरं केली त्यातले काही आता मोठं घर पाहत असतील, त्यांच्या घरात काय कमी पडते ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

रविवारी सकाळी आठला ये, कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाऊ आणि मग जामठ्याकडे एक थ्री बीएचके पाहायचा आहे, मालक म्हणतो चौदाशे स्क्वेअर फूट. तुझा टेप आण, माझ्यावाला पंधरा फुटांच्या पुढे अडकते.

तुझी,
ताई